पोराच्या अंगाला येणारा वास

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलं ते चपलेच्या पट्ट्याच्या वेणीचं काम. चामड्याच्या बारीक वाद्या मी विणायचो आणि नातू दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात दाबून बसायचा. त्या सकाळी त्यानं मधेच अंगठा सोडला आणि वेणी सुटली.

"झोपलास व्हय रं?"

"न्हाय आज्जा, डोकं दुखतंय."

"अजून बघ मोबाईल. डोळं गेलं की कळंल."

"तुमचं तर मोबाईल न बघताच गेल्यात की."

मला हसू आलं. वेणी पुन्हा घातली, त्यानं नीट धरली. मग मी तयार जोड घेऊन दुकानात द्यायला गेलो. दुपारी परत आलो तर कामाच्या खोलीत तो पालथा पडला होता, शेजारी तळ चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडा. हाक मारली, हलवलं. अंग अजून गरम होतं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण डॉक्टर म्हणाला, आणायच्या आधीच गेलाय.

माझी मुलगी नेसरीला दिली आहे. तिचा हा थोरला. दहावी झाल्यावर कॉलेजात शिकायला माझ्याकडं ठेवला होता. माझी म्हातारी दोन वर्षांमागं गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच.

डॉक्टरनं विचारलं, "पोरगं सोल्युशन हुंगत होतं का?"

मी म्हणालो, "आम्ही सगळंच हुंगतो की. तळ चिकटवायचा म्हणजे वास येणारच. धंदाच हाय त्यो."

"तसं नव्हे आजोबा. नशेसाठी."

मला कळेना. दारू माहीत होती, गुटखा माहीत होता. चिकटवायच्या वस्तूची नशा? सगळा जन्म ती मी हातांनी लावली. डॉक्टर म्हणाला, हुंगता हुंगता हृदय एकाएकी बंद पडतं, पहिल्या वेळेलाही पडू शकतं. मी मान हलवत होतो, पण डोक्यात एकच घोळत होतं, सोल्युशन लावून ठेवलेला तळ कोरडा झाला असेल, आता दाबून घ्यायला पाहिजे.

आता एकेक आठवतं आणि कशाचा कशाला मेळ बसत नाही. गेल्या दिवाळीपासून त्याच्या अंगाला तो वास यायला लागला. आधी कामाच्या खोलीत यायला लाजायचा, कॉलेजातली पोरं हसतात म्हणायचा. वास आला तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगं मी नसताना काम शिकतंय. डबा लवकर संपायला लागला तर मी त्याला शिकवलं, "एवढं थापू नको, पातळ लाव, वाळू दे, मग चिकटव." तो खाली मान घालून "व्हय" म्हणाला. त्याच्या ओठाभोवती पुटकुळ्या आल्या, मी खोबरेल दिलं. जेवेना झाला, तर भाकरी नको असेल म्हणून वडापाव आणला. एकदा दारात झोकांडला, त्याला रात्रीचं जागरण म्हणालो. चिकटवलेला एक जोडसुद्धा त्यानं मला कधी दाखवला नाही, आणि मी मागितला नाही. का मागितला नाही, ते आता कुणाला विचारू? म्हातारी असती तर तिनं पहिल्याच दिवशी कान धरला असता.

संध्याकाळी मुलगी आली. रडली नाही. म्हणाली, "आबा, तुमच्याजवळ ठेवलं हुतं की त्याला." वास येत होता आणि मला तो आवडत होता, हे तिला कसं सांगायचं?

स्मशानघाटावरनं परतताना शेजारच्या कारागिराचं पोरगं माझ्या बाजूला आलं. नातवाच्याच वयाचं, दोघं कायम बरोबर.

"आज्जा, त्यो एकटा न्हवता करत."

"मग कोण?"

"मीबी. माझ्या बाला सांगू नगा. मारंल."

मी त्या वेळी "न्हाय सांगत" म्हणालो. ते पोरगंही रडून रडून अर्धं झालं होतं. घरी येऊन पडलो. आधीच विचारलं असतं तर माझं पोरगं वाचलं असतं का, आणि आता बोललो तर हे मार खाऊन पळून जाईल का, दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या. उजाडेपर्यंत सुटल्या नाहीत.

सकाळी सुतक अंगावर घेऊन शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याची बायको दचकली. "आबा, सुतकात?"

"आत येत न्हाय. मालकाला भाइर बोलव."

तो आला. मी म्हणालो, "तुझं पोरगं सोल्युशन हुंगतंय. माझ्या नातवासारखंच."

"कायतरीच. कामाला बसवलाय त्याला, त्यो वास हाय."

"मीबी असंच म्हणत हुतो."

त्याचा चेहरा उतरला. पोरगं दारात येऊन माझ्याकडं बघत होतं, शब्द मोडला म्हणून. बापानं हात उगारला. मी पायरीखालूनच म्हणालो, "मारलंस तर लपून करंल. दवाखान्यात घेऊन जा. काल मला ज्या डॉक्टरनं सांगितलं, त्यालाच दाखव."

त्यानं हात खाली घेतला. मग आत जाऊन शर्ट घालून आला आणि रिक्षा थांबवली. बापलेक आत बसले. सुतकात त्यांच्यात बसायला नको, म्हणून मी मागनं चालत निघालो.