खडूची वर्तुळं

कौलं परतायला आमच्या घरात पाय ठेवला की तो आधी जमिनीवर झोपायचा. पाणी नको, चहा नको, खुर्ची नको. टोपी काढून उशाला घ्यायची, हात पोटावर ठेवायचे आणि ओटीच्या लाल कोब्यावर पाठ टेकायची. मग मला फर्मान सुटायचं, "भाऊ, दारं-खिडक्या लावा. उजेड येतो तितून पानी येनार. घाई नको, आदी झोपून बघू."

वेळ ठरलेली, दुपारी साडेबाराची. दारं लावली की घरात काळोख व्हायचा आणि छपराचं जे कौल फुटलं किंवा सरकलं असेल तिथून एकेक कवडसा खाली पडायचा. एखादा रुपयाएवढा, एखादा टाचणीच्या डोक्याएवढा. त्याची बायको बरोबर असायची. ती खडू घेऊन प्रत्येक कवडशाभोवती वर्तुळ काढायची. मग तो शिडीवरून छपरावर जायचा आणि ती आत लांब बांबू घेऊन उभी राहायची. वर्तुळापाशी थांबायची, मान वर करून डोळे बारीक करायची आणि बांबूच्या टोकाने एक कौल खालून वाजवायची, टक. वरून तो नेमकं तेच कौल उचलायचा. घरात आभाळाचा एक चौकोन दिसायचा आणि नवं कौल बसलं की पुन्हा मिटायचा. एकदा टक म्हणजे हे कौल, दोनदा टक म्हणजे झालं, पुढे चल. चार-चार तास काम चालायचं, पण दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. माझी बायको म्हणायची, "यांचा संसार किती शांत आहे बघा." हे माझ्याकडे पाहून म्हणायची.

तुमच्यापैकी कुणी कधी वसईजवळच्या उमेळ्याच्या रस्त्याने गेलं असेल तर दोन इमारतींच्या मध्ये दबलेलं आमचं कौलारू घर पाहिलं असेल. पूर्वी वाडीत घर होतं, आता घरापुरती वाडी आहे. दोन्हीकडच्या बाल्कन्यांतून कपड्यांचे चिमटे, पोरांचे चेंडू आणि एकदा तर अख्खा नारळ आमच्या छपरावर आलेला आहे. त्यामुळे कौलं फुटायची कमतरता नाही. दर वैशाखात ती परतून घ्यावी लागतात, आणि परतणारा माणूस आमच्या भागात हा एकच उरला होता. बाकीचे सगळे इमारतींच्या कामाला लागले. तो खाडीकडच्या गावातला, भातशेती आणि मिठागर सुटल्यावर कौलांकडे वळलेला. कळंबपासून वसईपर्यंत जिथं म्हणून कौल आहे तिथं त्याचा पाय लागलेला.

त्याच्या झोपण्याची आम्ही फार चेष्टा करायचो. कारण तो डोळे मिटून घ्यायचा, आणि दहा मिनिटांनी कधी कधी घोरायचासुद्धा. मी एकदा म्हटलं, "दादा, छप्पर बघताय की वामकुक्षी चाललीय?" तो डोळे न उघडता म्हणाला, "मिटल्या डोळ्यानं जास्ती दिसतं, भाऊ." त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली आणि पुढचं वर्तुळ काढायला वळली. मी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणीच देत नसे. चहाचे कप आणले की पहिला कप त्याला जायचा, आणि काम कसं झालं हे त्यालाच विचारलं जायचं.

एका वर्षी माझ्या बायकोने घोळ घातला. तो झोपून उठला, वर्तुळं काढून झाली, दोघं जेवायला बसली. तेवढ्यात माझ्या मेहुण्याकडची मंडळी येणार असल्याचा फोन आला आणि हिने घाईघाईने सगळी ओटी पुसून काढली. कोबा आरशासारखा लख्ख, वर्तुळांचा पत्ता नाही. मला वाटलं, आता पुन्हा झोपणं आलं. पण तो भाकरी मोडत राहिला. त्याची बायको हात धुऊन उठली, दारं लावली आणि पाच मिनिटांत सगळी वर्तुळं पुन्हा काढली. माझी बायको म्हणाली, "अहो, ही मघाच्या जागेवर नाहीत. हातभर सरकलीत." ती म्हणाली, "सूर्य सरकला ना, वयनी." एवढंच. हे मी पाहिलं, ऐकलं आणि विसरून गेलो.

त्यानंतर आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती मागच्या खोलीत खाटेवर आहे. खोली इतकी अरुंद की खाट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडेसुद्धा सरकत नाही. आईची मागणी एकच. "माझे खाटेवर पानी नको रे. मला उठता येत नाय." त्याने खाटेशी उभं राहून तिला शब्द दिला होता, "काकी, तुमच्या खाटेवर थेंब पडनार नाय. मी हाय तवर नाय." आणि दोन पावसाळे खरोखरच पडला नाही.

तिसऱ्या वर्षी तो आला नाही. मी फोन लावत होतो. त्याच्याकडे फोन नव्हता, बायकोचा नंबर होता, आणि माझ्या मोबाइलमध्ये तो 'कौलवाले' या नावाने होता. चैत्र गेला, वैशाख लागला, रोज घंटी वाजून बंद व्हायची आणि पुढे ती वाजेनाशी झाली. मी वसईला वकिलाकडे कारकून आहे. तारखा देणं-घेणं हा आमचा रोजचा धंदा. पण त्या महिन्यात कारागिरांनी मला जितक्या तारखा दिल्या तितक्या आमच्या कुठल्याच अशिलाला मिळाल्या नसतील. एक जण आला, अंगणातूनच वर पाहिलं आणि म्हणाला, "सगळं उतरवा, स्लॅब टाका." दुसरा बूट घालून छपरावर चढला आणि दोन फुटलेली बदलताना अकरा कौलं फोडून खाली आला. तिसरा नालासोपाऱ्याचा. तो फोनवर फार गोड बोलायचा. "कल पक्का आता हूँ, अंकल." त्याचा तो कल अजून उगवायचा आहे.

आभाळ भरून यायला लागलं आणि आई दिवसातून चारदा विचारायला लागली, "आला का तो?" मला त्याचा संताप आला. इतक्या वर्षांचा माणूस, साधा फोन उचलत नाही. हाही बाकीच्यांसारखाच निघाला, असं मी घरात मोठ्याने म्हणालो. आणि एक पत्रेवाला दोन दिवसांत काम करून देतो म्हणाला म्हणून मागच्या खोलीवरची कौलं उतरवून निळे पत्रे ठोकून घेतले.

पत्रे बसले त्याच्या चौथ्या दिवशी तो आला. दुपारी बाराला, एकटाच. खांद्यावर शिडी, बांबू हातात. अंगणात उभा राहून त्याने निळे पत्रे पाहिले. मागच्या खोलीत गेला, खाटेच्या कडेला जेमतेम माणूस मावेल एवढी जागा होती तिथं टोपी उशाला घेऊन आडवा झाला. मी खिडकी लावली. मिट्ट काळोख.

"इतं काय दिसत नाय, भाऊ," तो म्हणाला.

"पत्राच आहे. दिसणार काय?"

"पत्र्यात भोक दिसत नाय. पानी एकीकडून शिरतं नि दुसरीकडं गळतं."

आईने काळोखातच विचारलं, "बाई कुटं हाय तुजी?"

तो उठून बसला. मग म्हणाला, "गेली, काकी. शिमग्याच्या आदी. छातीत दुखतंय बोलली नि गेली."

आई रडायला लागली. मी खिडकी उघडायची म्हणून उठलो आणि तिथंच उभा राहिलो. मी महिनाभर ज्या नंबरावर घंट्या वाजवत होतो, तो उचलणारं माणूस राहिलं नव्हतं. आणि मी त्याला बेभरवशाचा म्हणत होतो. मला इतकी शरम वाटली की त्याच्याकडे वळून पाहवेना.

पुढच्या अर्ध्या घराचं काम त्याने करायला घेतलं. ओटीवर आडवा झाला, डोळे मिटले आणि माझ्या हातात खडू दिला. "तुमी काढा वर्तुळं." मी नऊ काढली. मग जेवणं झाली आणि तो वर गेला. मी बांबू घेऊन वर्तुळात उभा राहिलो आणि डोक्यावरचं कौल वाजवलं. त्याने ते उचललं. चांगलं धडधाकट कौल होतं. मी दुसरं वाजवलं, तेही चांगलं. तोवर कवडसे वर्तुळं सोडून भिंतीकडे निघाले होते आणि मी रिकाम्या वर्तुळांत उभा राहून सरळ वर बांबू मारत होतो. तिरपा उजेड कुठून निघालाय हे मान वर करून शोधायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी इतक्या वर्षांत तिला विचारलंही नव्हतं. तासाभराने तो खाली उतरला.  "पुरे," म्हणाला, आणि पहिल्यांदाच चहा न घेता गेला.

पावसाने काही राखलं नाही. ओटीवर दोन ठिकाणी गळायला लागलं, ते चाललं असतं. पण तिसऱ्या दिवशी पत्र्याखालून पाणी आलं ते नेमकं आईच्या खाटेवर, तिच्या पोटऱ्यांपाशी. पत्रेवाल्याने येऊन बोल्टांच्या कडेला काळं डांबर फासलं. पाणी वीतभर सरकून तिच्या गुडघ्यावर आलं. आम्ही खाटेवर प्लास्टिक अंथरलं आणि त्यावर पातेलं ठेवलं. आई पातेलं सांभाळत पडून राहायची. तक्रार करायची नाही, याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

त्याच्या गावात विचारून मी त्याला शोधत नालासोपाऱ्याला गेलो. तो मुलीकडे राहायला आला होता, चौथ्या मजल्यावर. खोलीत फरशीवर आडवा होता, टोपी उशाला. मला पाहून उठून बसला. मी खाटेचं सांगितलं, पाऊस उघडला की एकदा या म्हणून हात जोडले.

"भाऊ, मी येऊन काय करू?" तो म्हणाला. "मला ते बारीक उजेड दिसत नाय. धा वर्सं झाली."

"मग तुम्ही झोपून काय बघायचात?"

"काय नाय. डोळे मिटून पडायचो. बघायची ती. मी नुसता चढनारा." त्याने पंख्याकडे पाहिलं. "लोकं बाईच्या सांगन्यावर घराचं छप्पर उचलू देतील का? तीच बोलली, तुमी झोपा, मी बघते. मंग मी झोपायचो."

 सगळ्या वसईत भरवशाचा कारागीर शोधत मी पायपीट केली, आणि तो कारागीर दर वैशाखात माझ्या ओटीवर मान वर करून उभा असायचा. चहाचा पहिला कपसुद्धा मी तिला कधी दिला नाही.

निघताना तो जिन्यापर्यंत आला. "काकीला शब्द दिला होता मी," म्हणाला. "तो माजा नव्हता, तिचा होता. काकीला सांगा तेवडं." मी सांगितलं. आई म्हणाली, "मला ठावं होतं. हिरा तिचा नाव. तू कदी इचारलाच नाय." मी मोबाइल काढून 'कौलवाले' पुसलं आणि तिथं हिराबाई लिहिलं. त्या नंबरावर आता दुसरंच कुणीतरी हिंदीतून बोलतं.

तोही दिवाळीनंतर गेला. मला पंधरा दिवसांनी कळलं.

या वैशाखात पत्रे काढून पुन्हा कौलं घालायची असं आम्ही ठरवलंय. आधी ओटीचं काम करून बघावं म्हणून एका दुपारी मी दारं लावली, टॉवेल उशाला घेतला आणि झोपलो. चौदा वर्तुळं काढली. विरारचा एक जण येतो म्हणालाय. गेल्या सोमवारी येणार होता, मग गुरुवारी, आता परवा म्हणतो. बायकोने तीन आठवडे ओटी पुसलेली नाही, नुसती कडेकडेने झाडते. आम्ही सगळे वर्तुळं चुकवत चालतो. रोज साडेबाराला मी घरी असलो तर दारं लावून घेतो. कवडसे येतात, आपापल्या वर्तुळाशेजारी उभे राहतात. सूर्य सरकतोय तसे रोज थोडे आणखी बाजूला. आतल्या खोलीतून आई विचारते, "आला का रे कोनी?"