लिनचे पंधरा मीटर

जर्मनीत डार्मश्टाटला एकत्र शिकलेले आम्ही चार-पाच मराठी लोक भेटलो, की दुसऱ्या चहाला लिनचा विषय निघतोच. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला हा हाँगकाँगचा केमिस्ट्रीवाला माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा आणि तिहेरी उडी मारायचा. आमच्या सांगण्यात त्याच्या उड्या दर वर्षी वीतभर वाढतात, म्हणून मी मोजूनमापून सांगतो. लिनला एकच हवं होतं, पंधरा मीटर. तेवढी उडी मारणाऱ्याचं नाव आमच्या क्लबात एका लाकडी पाटीवर रंगवत. तीन वर्षं त्याचं नाव चार बोटांनी हुकत होतं.

* * *

पहिल्या दिवशी सोबत म्हणून मीही क्लबात गेलो. ट्रेनर बावर यांनी चिनी चेहरा पाहिला आणि काही न विचारता त्याच्या हातात टेबल टेनिसची बॅट ठेवली. लिन पडला भिडस्त! निमूट खेळला आणि क्लबच्या साठीच्या सेक्रेटरीबाईंकडून सपाटून हरला.

मग बॅट रुमालाने पुसून त्याने परत केली आणि विचारलं, "आता उडी मारू का?"

* * *

आशियातल्या सगळ्यांची भाषा एकच, अशी बावरांची पक्की समजूत. त्यामुळे मी दुभाषा झालो. ते जर्मनमध्ये सूचना द्यायचे, मी त्याच सूचना माझ्या जर्मनमध्ये लिनला हळूहळू सांगायचो. बावर खूश होऊन "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं करायचे.

महिन्याभराने लिनने मला बाजूला घेतलं. "ते काय म्हणतात ते मला कळतं रे. तू काय म्हणतोस तेच कळत नाही."

* * *

लिनचे प्रोफेसर वैतागले होते. एकदा त्यांनी विचारलंच, अभ्यास करायचाय की उड्या मारायच्यात? लिन म्हणाला, उडीला असा कितीसा वेळ लागतो!

पुढच्या शनिवारी प्रोफेसर कोट-टोपी घालून मैदानावर हजर. हातात स्टॉपवॉच. लिन उडी मारून वाळूतून उठला तसे ते जवळ आले. "सात सेकंद. मग प्रयोगवही अजून कोरी का?"

* * *

एकदा पेपरात लिनच्या उडीचा धूसर फोटो आला, मागे मीही उभा होतो. नावं उलटसुलट छापल्यामुळे उडी माझ्या नावावर पडली. आमच्या घरमालकीणबाई फ्राऊ वेबर यांना कोण अभिमान! रविवारी कॉफीला बोलावून त्यांनी माझ्यासमोर आख्खा चेरीचा केक ठेवला. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर लिनने टेबलाखालून लाथ मारली.

"तू खा," तो म्हणाला. "उड्या मी मारतो."

* * *

आता शेवटची स्पर्धा. आठवड्याभरात लिन बोटीने घरी जाणार होता. पाटीवर नाव लागायचं तर आजच. सरावात एक नियम होता. लिन वाळूतून बाहेर आला, की मी लगेच दंताळं फिरवून वाळू सपाट करायची. तीन वर्षं मी तेच करत आलो होतो.

पाच उड्या वाया गेल्या. सहावी, म्हणजे शेवटची, अशी पडली, की बावर खुर्चीवरून उठले. पंधराची खूण मागे राहिली होती, सगळ्यांनी पाहिलं. उडी नियमात बसली म्हणून पंचाने पांढरा झेंडा वर केला, लिन बाहेर आला आणि आनंदाच्या भरात मी पुढे होऊन वाळू छान सपाट केली.

टेप घेऊन आलेला पंच वाळूकडे बघत राहिला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बावर परत खुर्चीत बसले. पंचांनी बराच खल करून त्याला एक उडी परत दिली आणि माझ्या हातातलं दंताळं काढून घेतलं.

लिन धावला, उडाला, वाळूत पडला आणि पडला तिथेच बसून राहिला. पंच म्हणाला ऊठ, तरी हा उठेना. शेवटी टेप त्याच्या शेजारून ताणली. पंधरा मीटर चार सेंटिमीटर! पंचाने आकडा दोनदा वाचला, कागदावर लिहिला, खाली सही केली.

तेव्हा कुठे लिन उठला. पंचाकडून दंताळं मागून घेतलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "हं, आता फिरव."