वायरवाला बदरुद्दीन

अकोल्याकडच्या मालेगावच्या बदरुद्दीनचा वायरीवर जेवढा विश्वास होता तेवढा सख्ख्या भावावरही नव्हता. भावाने एकदा नेलेली शिडी परत आणली नव्हती. वायरीने असा दगा त्याला कधी दिला नाही. तीस वर्षं तो घरांत लाइटफिटिंग करत आला, पण भिंतीच्या आत वायरीला एकही जोड दिला नाही. वायर कमी पडली तर ओढून काढायची आणि नवी घालायची, हा त्याचा कायदा. मुलगी तहसीन दुकानात बसू लागली तसे तिथे बिनवायरीचे सेन्सर आले. बाप ते खोके फळीवर मागे सारायचा, मुलगी पुन्हा पुढे आणून ठेवायची.

मेडशीचे दौलतराव दुकानात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांच्या पत्नीला, मनकर्णाबाईंना, दोन वर्षांपासून विस्मरण जडलं होतं. दुपारी दौलतराव घरामागच्या गोठ्यात असले की त्या निघून जायच्या. मागच्या आठवड्यात त्या हायवेच्या कडेने चालताना एका ओळखीच्याला दिसल्या, म्हणून निभावलं.

"ते दारातून निंघाली का मले घंटी आयकू आली पायजे," दौलतराव म्हणाले. "दुसरं काही नोको."

"काका, बिनवायरीचं बसवा," तहसीन म्हणाली. "भिंतीले हातबी लावा लागत नाही."

"आन् ऐन वक्तावर सेल संपला मंग?" बदरुद्दीनने तिला थांबवलं. "हा चोराचा मामला नाही, मानसाचा हाये. वायरच टाकू."

हे दौलतरावांना पटलं. दिवाळीत रंगवलेली भिंत त्यांनी मुकाट्याने फोडू दिली. दोन दिवस काम चाललं. चौकटीत सेन्सर, दाराला लोहचुंबक. दार उघडून दोन्ही लांब झाले की गोठ्यात घंटी. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चालणार. बदरुद्दीनने दार वीस वेळा उघडलं आणि घंटी वीस वेळा वाजली. परतताना एसटीत तो फार खुशीत होता.

चौथ्या दिवशी फोन आला. मनकर्णाबाई अकोल्याच्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. कंडक्टरने ओळखलं आणि उतरवून घरी पोचवलं. घंटी वाजलीच नव्हती.

बदरुद्दीनचं डोकं फिरलं. उंदराने कुरतडली असेल, नाहीतर कुणीतरी खिळा ठोकला असेल, असं पुटपुटत त्याने मेडशी गाठली. तासभर टेस्टर लावून पाहिलं. वायर धडधाकट होती. मग तो घाम पुसत ओसरीवर चहाला बसला. तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली, एक जण पत्रिका देऊन गेला, दोन पोरी पाणी पिऊन गेल्या. दाराला कोणीही हात लावला नाही, कारण दार सताड उघडं होतं.

"दार असंच राह्यते?" त्याने विचारलं.

"दिवसा कोन लावते दार? दुपारी लावलं का गाव इचारते, घरात काय झालं म्हनून. सकाळी दार उघडलं का घंटी थांबतच नाही, तं मी बटन बंद करतो. रातच्याले चालू करतो."

बदरुद्दीनला मनापासून शरम वाटली. त्याच्या स्वतःच्या घराचं दारही पहाटेपासून उघडंच असायचं, आणि तरी हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. बिनवायरीचं असतं तरी हेच झालं असतं, पण त्याने जिवाला बरं वाटेना. तो आणि तहसीन वायरीवर भांडले आणि दाराकडे कोणी पाहिलं नाही.

"वैनी जाताना काही संग नेतात?"

"पिशवी. माहेरी निंघते ना ते, इंझोरीले. तिची माय जाऊन वीस वर्सं झाली. पन पिशवी घेतल्याबिगर पाय नाही उचलत."

पिशवी आतल्या खुंटीवर होती. तिथवर वायर नेणं बदरुद्दीनला अवघड नव्हतं. पण दौलतराव घडीत गोठ्यात, घडीत हौदावर, घडीत कडब्यापाशी. घंटी त्यांच्या खिशातच हवी होती, आणि खिशापर्यंत वायर जात नाही.

त्याने दुकानात जाऊन फळीवरचं खोकं मागितलं.

"काहून अब्बा? सेल संपते ना त्याचा?"

"दर महिन्याले मी जाऊन बदलीन," तो म्हणाला. तहसीनने खोकं काढून त्याच्यापुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने खुंटीमागे सेन्सर चिकटवला, पिशवीच्या अस्तरात लोहचुंबक शिवलं आणि छोटी घंटी दौलतरावांच्या खिशात दिली. काम झालं तरी त्याचा पाय निघेना. तो ओसरीवर बसून राहिला.

दोनच्या सुमारास मनकर्णाबाईंनी पिशवी खुंटीवरून काढली, तिच्यात एक लुगडं घातलं आणि त्या बाहेर आल्या. त्या पायरी उतरतात तोच हात पुसत दौलतराव समोर आले.

"कुठी निंघाल्या?"

"इंझोरीले. माय वाट पाहून राह्यली." मग त्यांनी दौलतरावांकडे निरखून पाहिलं. "तुमी कोन गावचे?"

बदरुद्दीनने मान खाली घातली. दौलतराव चपला पायात सरकवत होते.

"इंझोरीचाच जावई हावो मी."

"मंग चला," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. "सोबत होईल."