फक्कीची मेंढरं

दादासो सरगर गुरुजींबद्दल लिहायला बसलं की पहिल्यांदा माझीच चूक आठवते, तेव्हा तीच आधी सांगून टाकते. मी एका माणसाला त्याच्या आडनावावरून ढोल दिला.

मी वाईची. बदली होऊन म्हसवडपासून आत, पांढरमाळ वस्तीच्या शाळेत आले, त्याला सहा वर्षं झाली. शाळा दोन शिक्षकांची, मुलं तेवीस. दुसरे शिक्षक म्हणजे दादासो गुरुजी. उंच, किडकिडीत माणूस. पाढे शिकवावेत तर त्यांनीच. पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून व्हरांड्यात बसले की ते कुठेतरी निघून जात. भाकरीचा तुकडा हातात, नजर माळावर. मी चिडवायचे, “गुरुजी, आज काय तंद्री लागलीय?”

“ढगाची सावली बघतोय वो, बाई. त्या टेकाडावरनं कशी उतरतीया बघा. मेंढरावाणी.”

मी बघायचे. खरंच ती सावली टेकाडावरून खाली उतरत असायची, बाभळींमध्ये जरा रेंगाळायची, मग वाळलेल्या ओढ्यात शिरायची. मलाही मग पाच मिनिटं काही सुचायचं नाही. आमची घंटा त्या काळात हमखास उशिरा व्हायची.

गेल्या वर्षी आमच्या बाजूच्या तीन आणि कवठे महांकाळच्या बाजूच्या दोन अशा पाच शाळांनी एकत्र येऊन ‘पाहुणा तास’ सुरू केला. आमच्यापैकी कुणाकडेच कलाशिक्षक नाही. चित्रकलेचा तास म्हणजे मुलांना “काढा काहीतरी” असं सांगायचं आणि आपण रजिस्टर भरत बसायचं. मीही तेच करत होते, उगाच साळसूदपणा कशाला! आम्ही ठरवलं, महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी शाळेत जमायचं. एकेकाने बाकीच्या शिक्षकांना आपल्या हातातलं काही शिकवायचं आणि जमलेल्या मुलांबरोबर ते करून दाखवायचं.

पहिल्या शनिवारी आम्ही सगळे औंधला संग्रहालय बघायला गेलो. दोन तासांनी गाडी निघायची वेळ झाली तरी गुरुजींचा पत्ता नाही. शोधत गेले तर ते एका चित्रासमोर उभे, आणि उजव्या हाताचं बोट हवेत हळूहळू फिरतंय. चित्रातल्या बाईच्या पदराची रेघ ते हवेत काढत होते. “चला गुरुजी, ती बाई काही आपल्याबरोबर यायची नाही,” असं म्हणून मी त्यांना ओढून आणलं. सगळे हसले. तेही हसले.

एवढं डोळ्यांनी बघूनही मला कळलं नाही, याचा आजही राग येतो.

जानेवारीतला शनिवार आमच्या शाळेचा होता. यादी मी केली. कवठ्याकडच्या भाऊसो सरांना मातीकाम, मला कागदकाम, आणि दादासो गुरुजींच्या नावापुढे ‘गजी ढोल’. गुरुजींचे वडील कोंडीबा आबा हे धनगरांच्या गजी नाचातलं जुनं नाव. पंचक्रोशीतल्या जत्रा त्यांनी ढोलावर जागवलेल्या. धनगराचा मुलगा, त्यातून कोंडीबांचा, मग दुसरं काय देणार? विचारायची गरजच वाटली नाही. उलट आपण किती कौतुक करतोय, अशी माझी मान ताठ.

गुरुजींनी यादी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, “बरं.”

नंतर पंधरा दिवस गेले. एक दिवस शाळा सुटल्यावर मी विसरलेली छत्री घ्यायला परत आले. वर्गात उन्हाची तिरीप आडवी पडली होती आणि गुरुजी फरशीवर गुडघे टेकून खडूने काहीतरी काढत होते. मेंढरं. वीसेक तरी असतील. एकाची मान दुसऱ्याच्या पाठीवर, एक मागे वळून बघतंय. मला पाहताच ते रुमालाने भराभर पुसायला लागले. मी जवळजवळ ओरडलेच, “अहो, थांबा!”

ते तिथंच बसले. म्हणाले, “मला ढोल येत न्हाई, बाई. कवाच आला न्हाई.”

मी फरशीवर त्यांच्यासमोर बसले.

“ल्हान हुतो तवा मेंढरामागं जाताना कोळशानं दगडावर चित्रं काढायचो. आबा म्हनायचं, चितार काढून मेंढरं चरत न्हाईत, ढोल धर. तो हातात काय बसंना. पुढं डीएडला गेलो, तितं गॅदरिंगला पोरांनी ढोलच गळ्यात घातला. नोकरीत बी तेच. सरगर हाय म्हणल्यावर ढोल आलाच!” ते हसले. “एकदा तरी चित्राचा तास घ्यावा असं लय वाटत हुतं. आता मे मधी रिटायर हुनार मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुनी इच्यारलंच न्हाई.”

मला इतकी लाज वाटली की छत्री घ्यायची पुन्हा राहिली. मी तिथल्या तिथे यादी बदलते म्हणाले, तर गुरुजींनी नकाराची मान हलवली. गोष्ट पुढे गेली होती. मुलगा ढोल वाजवणार हे आबांच्या कानावर पडलं होतं आणि ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस हरखून गेला होता. जुन्या ढोलाला त्यांनी नवं कातडं चढवून घेतलं होतं. भेटेल त्याला सांगत होते, “माझा दादा वाजिवनार हाय.”

“आता आबास्नी काय सांगू?” गुरुजी मला विचारत होते. आधी न विचारता दिलं होतं, आता विचारल्यावर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

तो शनिवार उजाडला तो धुक्यात. माळावर असं धुकं क्वचित पडतं. पाच शाळांची मुलं मैदानात आली तेव्हा आधी आवाज यायचा आणि मग स्वेटर दिसायचे. आबा पांढरंशुभ्र धोतर नेसून, लाल फेटा बांधून खुर्चीवर बसले होते. पुढ्यात ढोल. एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी नजर फाटकाकडे.

गुरुजी आले ते मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची दोन पोती सायकलवर घालून. सायकल लावली, आबांपुढे उकिडवे बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आबा, मला ढोल येत न्हाई. मी आज चित्र काढनार हाय.”

आबांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. “आट वरसाचा हुतास तवाबी ह्येच म्हनला हुतास,” असं पुटपुटून त्यांनी तोंड फिरवलं. शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले.

गुरुजी उठले. त्यांनी दोन्ही हात फक्कीच्या पोत्यात घातले. “पोरांनो, डोळं झाका,” ते म्हणाले. “सकाळच्या पारी काटेरी कुपाच्या वाड्यातनं मेंढरं सुटली. काय ऐकू येतंय?”

“घंटी!” “कुत्रं!” “पाय वाजत्यात, गुर्जी!”

“ते पायच काढा. जितं ऐकू येतंय तितं काढा.”

आणि मूठ मूठ फक्की सांडत ते चालू लागले. मागून मुलं, मग आम्ही शिक्षकही. कुठे पाठीचा बाक, कुठे कान, कुठे बिऱ्हाड लादलेलं घोडं. खाली पांढरं, वर पांढरं. मला काही वेळ कळेचना की आपण मैदानात आहोत की त्या कळपात. भाऊसो सर एका कोकराचे डोळे काढताना चक्क त्याच्याशी बोलत होते. धुकं विरलं तेव्हा सबंध मैदानभर मेंढरं होती, आणि ती सगळी आमच्या टेकाडाकडे निघाली होती.

तेवढ्यात आबा खुर्चीतून उठले. वाकून, एकेक मेंढरू चांगल्या डोळ्याने निरखत कडेकडेने चालू लागले. एका मेंढीपाशी थांबले. तिचा पुढचा एक पाय वर उचललेला होता.

“ही लंगडी कुनी काडली?”

“गुर्जींनी,” दुसरीतली उत्कर्षा म्हणाली.

“ही तर आपली भुंडी हाय,” आबा म्हणाले. “पन्नास वरसं झाली तिला मरून. दादा, तुझ्या ध्यानात हाय व्हय रं?”

गुरुजींनी मान डोलावली.

आबांनी चपला काढल्या. खिशातला रुमाल हातात धरला, तोंडानेच ठेका धरला आणि गजीचं पहिलं पाऊल टाकलं, थेट मेंढरांच्या मधोमध. गुडघ्यात वाकून, हात पसरून, गिरकी घेऊन. मुलांनी टाळ्या धरल्या आणि एकेक करत आबांच्या मागे शिरली. पावलागणिक फक्की उडत होती. घोडं गेलं, कुत्रं गेलं, कोकराचे डोळे गेले.

“अहो आबा, चित्र पुसतंय!” मी धावले.

गुरुजींनी मला हाताने अडवलं. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

“पुसू द्या, बाई,” ते म्हणाले. “आबा आज पयल्यांदा माझ्या चित्रात आल्यात.”