विरूआण्णाचा अंगठा

विरूआण्णाच्या हातात फोटो दिला की तो आधी फोटो बघायचा नाही. उजवा अंगठा सदऱ्याला पुसायचा आणि फोटोतल्या माणसाच्या तोंडावर दाबून धरायचा. मग समोरच्याला विचारायचा, "आता काय ऱ्हायलं?" तुम्ही काहीही उत्तर द्या, त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "तोंड झाकल्यावर जे ऱ्हातंय, त्येचं पैसं कोण देत न्हाय."

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. विरूआण्णाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी प्रयत्न करून बघितला, मला ते जमत नाही. तोंडावर त्याला 'आण्णा, तुम्ही' म्हणत होते, पण मनात पहिल्या दिवसापासून एकेरी. इथंही एकेरीच लिहिणार आहे. कुणाला खटकलं तर खटकू दे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. माझ्या नवऱ्याची फाउंड्री बंद पडली आणि घरात कमावतं कुणी उरलं नाही. माझ्याकडं मामांनी लग्नात दिलेला एक कॅमेरा होता आणि हौसेनं काढलेले फोटो होते. ते पिशवीत घालून महाद्वार रोडच्या आतल्या बोळात विरूआण्णाच्या दुकानात गेले. मूळचा तो गडहिंग्लजकडचा, घरात कानडी बोलणारा. कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा. त्यानं माझे फोटो काउंटरवर पत्त्यांसारखे पसरले. पंचगंगेच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायका, रंकाळ्यावरची संध्याकाळ, तालमीतला पैलवान. एकेकावर अंगठा दाबत गेला आणि शेवटी म्हणाला, "साकु, साकु." पुरे झालं, असं. "ही चित्रं हायत पोरी. घरात लाव. नवरा काय करतोय?"

मी सांगितलं.

"मग उद्यापासनं ये. चुडा भरताना, हळदीला, नवरीच्या खोलीत बायका गड्यांना आत घेत न्हाईत. तिथं तू जा."

माझ्या फोटोंसाठी नव्हे, मी बाई आहे म्हणून काम दिलं त्यानं. तेही ऐकवून.

तोंडाचा फटकळ म्हणावं तर तो शब्द त्याला तोकडा पडेल. पोराचा स्थळांकडं पाठवायचा फोटो काढायला आलेल्या बापाला म्हणायचा, "पावणं, तुमच्या पोराला हसाय सांगू नगा. दात उसनं आणल्यागत दिसत्यात." आणि पावणं मात्र खो खो हसून फोटो काढून घ्यायचे! ह्या गावाला शिव्या देणारा माणूस खरा वाटतो, गोड बोलणाऱ्याचा संशय येतो. विरूआण्णानं ते ओळखलं होतं.

दुकानाच्या दर्शनी बाजूला एक काचेचं कपाट होतं. त्याला तो नुसतं 'काच' म्हणायचा. "दुकान आत न्हाय, काचंत हाय. जे दावशीला त्येच इकशीला." लग्नसराईच्या आधी काचेतले फोटो बदलायचा आणि समोरच्या भेळेच्या गाड्यावर जाऊन उभा राहायचा. भेळ खात खात कोण कुठल्या फोटोपुढं थांबतं ते बघायचा. "बाई थांबती त्यो फोटो ठेवायचा. गड्याचं काय, गडी कशापुढं बी थांबतोय." एरवी त्या काचेत गुलाबाच्या फुलात बसवलेली नवरी, विड्याच्या पानात बसवलेला नवरा, असला माल. मला बघवायचं नाही. पण त्याचं दुकान चालत होतं आणि माझी चूल त्याच्या पगारावर पेटत होती, तेव्हा तोंड दाबून राहिले.

मग संगीताचं लग्न आलं. शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्याची ही थोरली मुलगी. नवरीच्या खोलीत मी एकटीच कॅमेरा घेऊन होते. विरूआण्णा दारात आला, तर संगीताच्या आईनं त्याला बाहेरच उभं केलं. आई लेकीच्या मागं उभी राहून मुंडावळ्या बांधत होती. डोळ्यांत पाणी आल्यानं तिला गाठ दिसत नव्हती, बोटं नुसती चाचपडत होती. संगीता समोर मैत्रिणींकडं बघून हसत होती. हसता हसताच तिनं हिरव्या चुड्याचा हात मागं नेला आणि न बघता आईचं मनगट घट्ट धरलं. मी बटण दाबलं. फोटो धुऊन यायच्या आधीच मला माहीत होतं, काय मिळालंय ते.

विरूआण्णानं संगीताच्या तोंडावर अंगठा ठेवला. "आता काय ऱ्हायलं?"

"हात," मी म्हणाले.

"हाताला कोण इचारतंय? पर पोरीचं तोंड झ्याक हाय. मोठा करून लाव काचंत."

लावला. कोपऱ्यात दुकानाचा शिक्का. आठवड्याभरात बायका काचेवर बोट ठेवून सांगायला लागल्या, "असा पायजे." आणि हा बाबा मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "काढतो की! ह्यो बी मीच काढलाय." मी आत बसून रोलच्या डब्यांवर नावं लिहीत असायचे. ऐकताना तळपायाची आग मस्तकात जायची.

वर्ष-दीड वर्षानं संगीता माहेरी परत आली. कायमची. काय झालं ते त्या घरालाच ठाऊक. एके दिवशी तिचे वडील दुकानात आले. बाजारात ज्यांना चार लोक वाट देतात असा माणूस डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता. "आण्णा, पोरीचा फोटो तेवढा काचंतनं काढा. तिला ह्याच रस्त्यानं जाया लागतंय."

विरूआण्णानं मान वर केली नाही. "लगीन तुमचं मोडलंय. माझा फोटो न्हाय मोडल्याला."

त्या गृहस्थांनी हातातली टोपी घातली आणि गेले. मी म्हणाले, "आण्णा, काढा तो फोटो. मी दुसरा देते."

"तुझ्या दुसऱ्यापुढं कोण थांबत न्हाय."

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर फोटो तिथंच, आणि संगीताच्या तोंडावर दुकानाचं दरपत्रक चिकटवलेलं! लग्न, साखरपुडा, बारसं, योग्य दरात. वर मलाच ऐकवतो, "तोंड दिसू ने एवढंच न्हवं? घे, झाकलं." जळलं मेलं ते दुकान! जितीजागती पोर रोज त्या रस्त्यानं जाणार आणि स्वतःच्या तोंडावर दर वाचणार. मी तिथंच भांडायला उभी राहिले. बोळातली माणसं गोळा झाली. तो म्हणाला, "खाल्ल्या घरचं वासं मोजतीस व्हय?" मी म्हणाले, "काम सोडते. माझी निगेटिव्ह तेवढी द्या."

"निगेटिव्ह दुकानाची. रोल दुकानाचा, फ्लॅश दुकानाचा. तुझं काय हुतं त्यात?"

"डोळा."

"साकु. डोळा सगळ्यास्नीच असतोय."

हात हलवत घरी आले. इतकी वर्षं काढलेल्या लग्नांतला एक फोटो माझा म्हणून दाखवायला माझ्याकडं नव्हता. आणि ह्या धंद्यात नमुन्याचा अल्बम नसला तर तुम्ही कुणीच नाही. गिऱ्हाईक आधी विचारतं, "दाखवा की, काय काढलंय?" नवरा अजून घरीच होता. घराच्या वरची खोली साफ केली, पाटी लावली, पण दाखवणार काय? मग सामुदायिक लग्नांत, ओळखीपाळखीत, कुठंही जाऊन फुकट फोटो काढले. रोलसाठी हातातली पाटली मोडली. अल्बम जाडजूड झाला. आणि गिऱ्हाईक आलं ते कसलं? "ताई, त्यांचं फुकट केलं न्हवं, मग आमचंबी बघा की!"

विरूआण्णाला कळायचं ते कळलंच. भेळेच्या गाड्यापाशी मला गाठून सगळ्यांसमोर म्हणाला, "फुकटाचा अल्बम फुकट्यास्नीच वढतोय. आन् तू नुसती तोंडं काढून ठेवलीस म्हणं? माझीच नक्कल करायची हुती तर माझ्याकडंच ऱ्हायाचंस." मला रडू कोसळलं ते घरी येऊन. कारण मेला खरं बोलला होता. पोट भरायच्या धास्तीनं मी त्याच्या काचेसारखाच अल्बम केला होता. हसरी तोंडं, ताठ माना.

त्याच लग्नसराईत पन्हाळ्याकडची एक बाई मुलीच्या लग्नासाठी चौकशीला आली. माझा अल्बम चाळून बाजूला ठेवला. "त्या बोळातल्या काचंतल्यागत काढाल का वो? ज्येच्या तोंडावर कागद हाय, त्यो."

"तो मीच काढलाय."

"व्हय व्हय, सगळीच म्हणत्यात."

मी चिडून म्हणाले, "त्यात तर तोंडसुद्धा दिसत नाही. काय आवडलं तुम्हाला एवढं?"

"तोंडाला काय करायचंय? पोरीनं आईचा हात कसा धरलाय! बघिटला न्हाई व्हय तुमी?" आणि त्या बाईनं डोळ्याला पदर लावला.

ती गेली तीही विरूआण्णाकडंच. पण मी मात्र जागची हलले नाही. ह्या माणसानं जन्मभर सांगितलं की तोंड झाकल्यावर काही उरत नाही. आणि त्याच्या काचेत, त्यानंच तोंड झाकलेला फोटो गिऱ्हाईक ओढत होता! भेळ खात खात रोज तो ते बघत असणार. न कळायला तो खुळा नव्हता. मी माझा जाडजूड अल्बम उसवला, एकेक फोटो पुढं घेतला आणि तोंडावर अंगठा ठेवला. विरूआण्णाचीच रीत, फक्त उलटी. तोंड झाकल्यावर ज्यात काही उरत नव्हतं ते बाजूला टाकले. जावयाच्या बुटाची नाडी बांधणारा सासरा राहिला. अक्षता मुठीत धरून झोपलेली म्हातारी राहिली. अल्बम अगदी पातळ झाला. पण तो माझा होता. आणि ठरवलं, फुकट काढणार नाही, उपाशी राहीन.

उपाशी राहायची वेळ तशी फार लांब नव्हतीच. तेवढ्यात संगीताचे वडील धाकट्या मुलीचं लग्न ठरवून आले, बरोबर संगीता. मुलाकडची मंडळी वारणानगरची. त्यांचा आग्रह होता की काचेतला तो फोटो ज्यानं काढला त्यालाच बोलवा, म्हणजे विरूआण्णाला! नवरीच्या थोरल्या बहिणीचाच तो फोटो, हे त्यांना कुठं ठाऊक? तोंडावर कागद होता ना. संगीताच बोलली होती, बैठकीत मुलाकडच्यांच्या समोर, ताठ मानेनं. "त्यो फोटो माझा हाय. आन् विरूआण्णांनी काढल्याला न्हाय. आईनं त्यांना दाराबाहेर उभं केलंवतं. दुकानातल्या ताईंनी काढलाय. मी तिथं हुते की!"

इतकी वर्षं मी साक्षीदार शोधत होते आणि साक्षीदार फोटोतच बसली होती. ती गोष्ट गुळाच्या बाजारात चहाबरोबर फिरली आणि त्या हंगामात मला पहिल्यांदा गिऱ्हाइकाला नाही म्हणावं लागलं.

धाकटीच्या लग्नात मुंडावळ्या संगीतानं बांधल्या. एक आत्या कुजबुजली, "परत आलेल्या पोरीच्या हातनं कशाला?" आई फटकन म्हणाली, "तीच बांधणार. ज्येला बघवंना त्येनं भाइर जावं." संगीताची बोटं आईच्या बोटांसारखी चाचपडत नव्हती. तो फोटो मी तिला नेऊन दिला आणि अल्बमात लावू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "पहिल्या पानावर लावा. फक्त ह्या खेपेला माझं तोंड झाकू नका."

पुढं डिजिटल आलं. विरूआण्णानं त्याला शिव्या घातल्या, शिकला मात्र नाही. दुकानात झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो एवढंच उरलं. तो वारल्यावर मुलानं दुकान विकलं, तेव्हा कुठं काचेतला तो फोटो खाली उतरला. उन्हानं सगळे रंग उडाले होते म्हणे. मी बघायला गेले नाही. मातीलाही गेले नाही.

पण मरायच्या काही महिने आधी तो माझा जिना चढून आला होता. धापा टाकत बसला. पाणी दिलं ते घेतलं नाही. "अल्बम दाव."

मी पुढं ठेवला. पहिलं पान. त्यानं अंगठा सदऱ्याला पुसला आणि संगीताच्या तोंडावर ठेवला. मी वाट बघत होते. विचार म्हणावं, आता काय राहिलं. माझ्याकडं उत्तर तयार होतं, कितीतरी वर्षं घोकलेलं.

त्यानं विचारलंच नाही. अंगठा तसाच ठेवून बसून राहिला. मग हळूच उचलला आणि तोंडाकडंही बघितलं.

"किती घेतीस?"

मी दर सांगितला.

"कमी घेतीस," तो म्हणाला आणि उठला.

मी मागनं म्हणाले, "आण्णा, काचेतला तो फोटो आता तरी काढा."

"काचंतला फोटो दुकानाचा हाय," म्हणाला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला. चुकलं नाही, छान काढलास नाही. एक शब्द टाकला असता तर काय झिजला असता का? मी त्याला माफ केलं नाही आणि करणारही नाही.

आत आले तर संगीताच्या गालावर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला. पदरानं पुसून काढला. नीट पुसला, कणभर ठेवला नाही. मग भिंतीवरचं दरपत्रक काढलं आणि खाली बसून नवं लिहिलं.