दिवा विझते काय?

कॅसेटच्या दातेरी भोकात पेन्सिल खुपसायची, सैल झालेली फीत गरगर गुंडाळायची आणि गुंडाळता गुंडाळता समोरच्याला विचारायचं, "दिव्यानं दिवा लावला तं पहिला विझते काय? सांगा बरं!" आमच्या शाळेतले गणिताचे सर म्हटले की मला आधी ही पेन्सिल आठवते. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं एकच उत्तर सगळ्या प्रश्नांना पुरून उरतं.

नागपूरच्या प्रताप नगरात ते माझ्या शेजारी राहायचे. शाळेत मी मराठी शिकवायचो. त्यांच्या मेहुण्याने विलायतेहून टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर आणून दिला होता. तेव्हा आमच्याकडे असलं यंत्र पाहायला लोक चपला काढून घरात शिरत. त्यावरचे खेळ गाण्यांसारखेच कॅसेटमध्ये यायचे. टेप लावला की खेळ सुरू होण्याआधी मिनिटं न् मिनिटं असा कर्कश किरकिराट चाले की, समोरच्या काकू एकदा धावत आल्या, "वहिनी, मांजर चेंगरलं का वं दारात?"

सरांकडे दोन कॅसेटींचा टेप होता. एका बाजूला खेळ, दुसऱ्या बाजूला कोरी कॅसेट. कोरी कॅसेट घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोराला सर खेळ उतरवून देत. पैसा घेत नसत, चहा मात्र पाजत. एका पठ्ठ्याने कोरी म्हणून घरची आरतीची कॅसेट आणली. भरलेल्या कॅसेटवर पुन्हा काही उतरू नये म्हणून तिच्या पाठीला भोकं असत; सरांनी ती चिकटपट्टीने बुजवली आणि खेळ उतरवून दिला. संध्याकाळी त्याच्या आईने निरांजन लावून टेप सुरू केला, तर अर्ध्या आरतीनंतर तोच किरकिराट! ती माउली निरांजन हातात घेऊनच सरांच्या दारात भांडायला आली होती.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यांना छेडायचो. "सर, हे चोरीचं नाही का हो?"

"चोरी म्हणजे खेळ बनवणाऱ्याच्या घरून काही गेलं पाहिजे. काय गेलं? त्याचा खेळ त्याच्यापाशीच आहे."

"पण त्याने मेहनत केली असेल ना?"

"त्याले नागपूर कुठं आहे ते तरी ठाऊक आहे काय? इथं कोणतं दुकान विकते त्याचा खेळ? अन् इंग्रजांनी आपलं काय काय नेलं, त्याचा हिशोब काढू का?" एवढं बोलून झालं की खिशातून पेन्सिल निघायची आणि दिवा लागायचा. आम्ही हसायचो. खरं सांगायचं तर पटायचंही, कारण आमचीही मुलं त्यांच्याकडेच जायची.

आता याच माणसाची दुसरी बाजू ऐका. परीक्षेच्या हॉलमध्ये सर म्हणजे काळ. 'नकल करणारा पोट्टा जन्मभर दुसऱ्याच्या कागदात पाहत राहते,' हे त्यांचं तिथलं वाक्य. नकल करताना सापडेल त्याला सरळ नापास करायचं, हा नियम हेडमास्तरांच्या मागे लागून त्यांनीच करवून घेतला होता. "मग तुमचे खेळ?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्याची गोष्ट वेगळी आहे गा."

सरांकडे खेळायला येणाऱ्यांत सुजाता नावाची एक मुलगी होती. आमच्याच गल्लीत भाड्याने राहायची. वडील शहराबाहेर, अमरावती रोडवरच्या वाडीला एका गोदामात ट्रकमध्ये माल चढवण्या-उतरवण्याचं काम करत. शिड्या चढून खजिना गाठायच्या खेळात तिने सरांनाच हरवलं, तेव्हा सर गल्लीभर सांगत सुटले, "पोट्टी नाही ते, वीज आहे!" त्यांना मूल नव्हतं. ती आली की वहिनी तिच्यासाठी वाटीत चिवडा काढून ठेवायच्या.

नववीची वार्षिक परीक्षा. इतिहासाचा पेपर. मी पुरवण्या द्यायला हॉलमध्ये शिरलो तेव्हा सर सुजाताच्या बाकापाशी उभे होते.

"काय करून राहिली?"

ती उभी राहिली. "समोरच्या पोट्टीचं पाहून लिहून राहिली होती, सर."

"काहून?"

"मले याद नव्हतं." मग अगदी विश्वासाने म्हणाली, "पण तिच्या पेपरातलं काही गेलं नाही ना, सर. तिचं तिच्यापाशीच आहे. तुम्हीच म्हणता ना, दिव्यानं दिवा लावला तं..."

उर्मटपणा नव्हता हो त्यात. घरी शिकवलेलं पाठ म्हणून दाखवावं, तसं ती बोलली. पण हॉलमधल्या निम्म्या पोरांकडे सरांनी उतरवून दिलेल्या कॅसेटी होत्या. मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. त्या हशाने घात केला. सरांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि तिच्या पेपरवर शेरा लिहिला.

सुजाता नापास झाली. वडिलांनी तिला शाळेतून काढलं आणि बिऱ्हाड वाडीला हलवलं. हे कळलं त्या दिवशी सर मला सोबत घेऊन सुजाताच्या वाडीतल्या खोलीवर गेले. वडिलांनी धावपळ करून शेजारून खुर्ची आणली, चहा टाकायला लावला.

"भाऊ, पोट्टीले पुन्हा शाळेत पाठवा. चूक माझी आहे. ते मीच शिकवलं तिले."

"असं कसं म्हणता, सर? तुम्ही तं नियमानं वागले. तुमच्यासारखे मास्तर भेटत नाही आता." वडील हात जोडून म्हणाले. "पण तिची माय कामाले जाते, घरी लहानगे आहेत, शाळाही दूर पडते. आता राहू द्या."

सुजाता दारामागे उभी होती. सरांची तिच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही. त्या माणसाने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मलाही वाटलं.

परतताना सर सायकल हातात धरून चालत होते. अमरावती रोडच्या ट्रकांच्या धुळीत एकदम थांबले. "मले लाज वाटून राहिली गा. पोट्टी खोटं काय बोलली? माझ्या घरी ऐकलं तेच बोलली. तिनं सवाल विचारला होता. मले उत्तर आलं नाही, म्हणून मी लाल शाई वापरली."

त्यानंतर सरांकडून एकही कॅसेट कोणाला मिळाली नाही. पोरं आली की, "यंत्र बिघडलं," म्हणत. दिव्याचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. आमच्यातल्या एकाने चेष्टेत विचारलंच, "काय सर, दिवा विझला वाटते?" सर चहा अर्धाच ठेवून तासावर निघून गेले. आम्हीही मग विषय काढेनासे झालो.

पुढे एका रविवारी मी त्यांना टेप सायकलच्या कॅरिअरला बांधताना पाहिलं. हँडलला कॅसेटींची पिशवी होती. "वाडीले जाऊन येतो," एवढंच म्हणाले. असे ते दर रविवारी जात राहिले. सुजाताने सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावी दिली आणि पास झाली. पेढे घेऊन तिचे वडील आले, तेव्हा सर न्हाणीघरातून बाहेरच आले नाहीत. वहिनींनी पेढे घेतले.

सर गेले ते अचानक, झोपेतच. तिला सांगायला मीच वाडीला गेलो. तोवर ती तिथल्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली होती. तिने ऐकलं आणि उठून सरांनी तिच्याकडेच ठेवलेल्या टेपमध्ये एक कॅसेट घातली.

सरांचा आवाज. बीजगणित. दर रविवारी नेलेल्या त्या कॅसेटींमध्ये नववी-दहावीचं सगळं गणित होतं. त्यांनी आपले खेळ पुसून त्यावर धडे भरले होते. उदाहरण संपलं. सर खाकरले.

"सुजाता, तुझ्या त्या सवालाचं उत्तर तुले द्यायचं राहिलं. दिवा विझत नाही, हे खरं आहे. पण ज्याचा दिवा, त्याले विचारलं पाहिजे होतं. तूही नाही विचारलं, मीही नाही विचारलं. शेरा मात्र एकट्या तुले भेटला."

खट् असा आवाज आला. धडा तिथेच संपला होता. फितीवर पुढे जुन्या खेळाचा पुसायचा राहिलेला तुकडा होता. तो किरकिराट खोलीभर सुरू झाला आणि आम्हा दोघांपैकी कोणीही टेप बंद करायला उठलं नाही.