उत्तर न आलेला जय भीम

बोर्ली पंचतनच्या बाजारात हार्डवेअरच्या एका दुकानात काम करणाऱ्या बाईची मी तिच्या मालकाकडे तक्रार केली. ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे वागते, विचारलं तर धड बोलत नाही, असं सांगितलं. माझा खरा राग वेगळाच होता आणि तो मालकापुढे काढण्यासारखा नव्हता. तिच्याबद्दल मी जे काही समजून बसलो होतो ते सगळं चुकीचं निघालं. समजण्यात कुणाचीही चूक होते, पण कारण बदलून तक्रार मी पूर्ण शुद्धीवर असताना केली, म्हणून तेच आधी लिहितो.

मी तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून आहे, खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारा. लोक मला खडूस म्हणतात, ते माझ्या कानावर आलेलं आहे. दुपारनंतर माझा चेहरा कसा होतो याचा फोटो बायकोने एकदा कचेरीत डबा द्यायला आली तेव्हा काढून मलाच दाखवला होता. त्यामुळे काउंटरमागच्या माणसाने गोड हसावं अशी माझी कधी अपेक्षा नसते.

तेव्हा गावच्या घरामागे संडास-बाथरूमचं काम काढलं होतं. आमचा प्लंबर कामाला चोख, पण विसराळू. "सर, एक एल्बो कमी पडतोय," "सर, टेप संपली," असे त्याचे फोन मी कचेरीतून निघायच्या सुमारास यायचे. बोर्ली वाटेतच पडायचं, म्हणून त्या दुकानात माझी सारखी फेरी होऊ लागली.

दुकानाचे मालक मूळचे कच्छकडचे, पण बोर्लीतच वाढलेले. काउंटरवर तिशीतली ती बाई असायची. किंमत विचारली की कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून तो माझ्याकडे फिरवायची. "पाइपचं सॉकेट आहे का?" विचारलं तर "जोड," एवढंच म्हणून पुढ्यात ठेवायची. माल कधी येणार असं विचारलं तेव्हा तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर शुक्रवारच्या चौकोनात बोट टेकवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मला हे चमत्कारिक वाटलं, पण राग आला नव्हता.

राग आला तो जय भीमवरून. शेजारच्या गावातल्या एका मंगल परिणयात मी तिला पाहिलं होतं. आमच्याच समाजातली, सगळ्यांबरोबर उभी राहून खणखणीत आवाजात वंदना म्हणत होती. म्हणून पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर मी "जय भीम ताई" म्हणालो. तिने मान खाली घातली आणि नट-बोल्टांच्या डब्यात काहीतरी शोधायला लागली.

माझ्या आजोबांना याच बाजारात वाकून जोहार घालावा लागायचा. वडिलांनी ताठ उभं राहून जय भीम म्हणायला सुरुवात केली. आमच्या घरात या दोन शब्दांना उत्तर न देणं म्हणजे दार तोंडावर लावण्यासारखं आहे. ही बाई शेठसमोर लाजते, आपण कोण ते झाकते, असं मी ठरवून टाकलं. मी स्वतः पहिल्यांदा ते हळू आवाजात, आजूबाजूला पाहून म्हणालो होतो, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्यानंतर मी मुद्दाम मोठ्याने म्हणू लागलो. एकदा इतक्या मोठ्याने की शेजारी रंगाचे डबे बघणारी माणसं वळून पाहू लागली. तिने हाताचा पंजा काउंटरवर दाबून धरला आणि रस्त्याकडे बघत राहिली. मी तसाच मालकाच्या गल्ल्याकडे गेलो.

"शेठ, ही बाई तोंड उघडत नाही. होमस्टेवाले येतात, पर्यटक येतात. त्यांना वाटेल दुकानच माजोरी आहे."

"साहेब, कामाला तर एकदम बरोबर हाय ती."

"असेल. पण काउंटरला माणूस बोलका पाहिजे."

"आता तुम्ही बोलता म्हणजे बघायलाच पाहिजे," ते म्हणाले. त्यांचा एक अर्ज तेव्हा माझ्या टेबलावर होता. मी त्याचा उल्लेख केला नाही. तशी गरजही नव्हती.

पुढच्या खेपेला काउंटरवर मालकांचा पुतण्या होता, तोंडाचा पट्टा चालू. "पाइप ना साहेब? मागे गोदामात जा, तिथे बाई हाय, ती काढून देईल." मी दुकानाच्या मागच्या बोळातून गोदामाकडे गेलो. आतून बोलण्याचा आवाज येत होता.

"आलीस व्हय परत? कालचं बांगड्याचं डोकं पुरलं न्हाय वाटतं! आणि पोरं कुठं ठेवलीस? पत्र्याखाली? उद्या कुणी पाइप ओढला म्हंजे, भवाने? डोकं हाय का तुला?"

उभ्या पाइपांच्या फटीतून मला ती दिसली. समोर एक करडी मांजर बसली होती. वाक्यामागून वाक्य सरसर येत होतं. म्हणजे मांजराशी बोलता येतं, आमच्याशी नाही, हा माझा पहिला विचार. मी पुढे होऊन म्हणालो, "जय भीम ताई."

तिचा श्वास अडकला. तोंड अर्धवट उघडं, जीभ टाळूला चिकटलेली, गळ्याची शीर वर आलेली. तिने डोळे गच्च मिटून घेतले, पंजा पाइपांच्या थप्पीवर दाबला. काउंटरवर दाबायची तोच पंजा. किती वेळ गेला कोण जाणे, अखेर "जय" बाहेर आलं आणि पुढे पुन्हा सगळं बंद झालं.

"भीम, भीम. असू दे, असू दे," मी तिचा शब्द पुरा करून टाकला. तिने डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या हातातला घास काढून घेतला होता.

मी एका पिंपावर बसलो. मला लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. त्या क्षणी मला फक्त विचारावंसं वाटत होतं.

"लहानपणापासून?"

तिने मान डोलावली.

"पण त्या लग्नात तुम्ही वंदना म्हणत होतात. मी ऐकलंय."

"सगळ्यांच्या संगं अडकत न्हाय. एकटीला अडकतं." हे ती थांबत थांबत बोलली. या वेळी मी मध्ये तोंड घातलं नाही. "मांजराला पण न्हाय अडकत. मांजर माझा शब्द पुरा करत न्हाय."

आणि हसली. तिला हसताना मी प्रथमच पाहत होतो.

मग तिने मला तिची युक्ती सांगितली. अडकणारा शब्द तिला आधीच, दोन-चार शब्द अलीकडूनच दिसतो. मग ती वाट बदलते. सॉकेट अडकणार असं दिसलं की जोड म्हणते. शुक्रवार दिसला की कॅलेंडर गाठते. "पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द न्हाय, काका. जय भीमला पण न्हाय."

"नमस्ते म्हणायचं."

"तुमाला? तुमी आणखी भडकला असता."

खरंच होतं. मी विषय बदलायला म्हणालो, "इथे गोदामात बरं आहे की. बोलावं लागत नाही."

"म्हणून तर नको हाय," ती म्हणाली. तिचा नवरा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर, कधीमधी घरी येणारा. शाळेत तिला मागच्या बाकावर बसवलं, सासरी पाहुणे आले की चुलीपाशी. काउंटरची जागा तिने शेठजींकडे स्वतः मागून घेतली होती, कारण तिथे रोज अनोळखी माणसाशी बोलावं लागतं आणि ती म्हणत होती की हळूहळू अडकणं सुटत चाललं होतं. "इथं काय, पाइप मोजायचे. पुन्हा सगळं बंद व्हायला लागलंय. कुणा पर्यटकाने तक्रार केली म्हणे. शेठ सांगत न्हायत कोण ते."

मी म्हणालो, "असतात अशी माणसं."

हेच शब्द. पाइप घेऊन मी घरी आलो.

पुढे बाथरूमचं काम संपलं तरी मी काही ना काही निमित्ताने गोदामात जात राहिलो. मला तिच्या बोलण्याची उत्सुकता लागली होती. कचेरीच्या खिडकीतही मी आता कान देऊन ऐकू लागलो. एक म्हातारे गृहस्थ दर वेळी "तो हा कागद" म्हणायचे आणि मी दर वेळी "कागदाला नाव असतं, आजोबा" असं खेकसायचो. ते नाव कदाचित त्यांच्या तोंडात येतच नसेल, हे आता सुचत होतं.

एका रविवारी मी घरीच एक प्रयोग केला. संध्याकाळपर्यंत 'ज'ने सुरू होणारा एकही शब्द उच्चारायचा नाही, असं मनाशी ठरवलं. सोपं वाटलं होतं. दुपारी बायकोने विचारलं, "बसायचं ना?" मला 'जेवायला वाढ' म्हणायचं होतं. ते टाळून मी म्हणालो, "ताट वाढ."

"हुकूम कोणाला सोडता?"

'जरा ऐक' म्हणता येईना. नुसता हात वर केला.

"हे काय? बोलायचे पण कष्ट?" ती म्हणाली आणि ताट माझ्यासमोर आपटून आत गेली. मी हात धुवायचा सोडून तिथेच बसून राहिलो. एक अक्षर सोडलं आणि अर्ध्या दिवसात मी माझ्याच घरात माजोरी ठरलो होतो. त्या बाईची सगळी भाषाच अशी चाळणीतून गाळलेली होती, आणि त्या गाळलेल्या शब्दांसाठी मी तिची जागा घालवली होती.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी थेट मालकांकडे गेलो. माझी तक्रार खोट्या कारणाची होती हे सांगितलं, आणि खरं कारणही सांगितलं.

"ती अडखळते ते मला पहिल्यापासून ठाऊक हाय, साहेब. कॅल्क्युलेटर मीच दिला होता."

"मग तेव्हाच मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं कुठे? आणि माझा कागद तुमच्याकडे अडकलेला." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "पुतण्यालाही काउंटरचा कंटाळा आलाय. पुढच्या सोमवारपासून बसू दे तिला पुढे. पण तक्रार कोणाची होती ते मी नाय सांगणार तिला."

"ते मी सांगतो."

त्या सोमवारी ती काउंटरवर होती. माझ्या पुढे एक कोळी नायलॉनचा दोर मापून घेत होता, मागे एक होमस्टेवाली बाई नळ बदलायला आली होती. माझा नंबर आला.

"काय देऊ, काका?"

"काही नको. बोलायचं होतं."

"मग बाजूला व्हा, मागं गिऱ्हाईक हाय." हे वाक्य तिने दोनदा अडकून पुरं केलं. होमस्टेवाली बाई पुढचा शब्द सांगायला सरसावली, मी तिला हाताने थांबवलं.

"सगळ्यांसमोर बोलू की नंतर?" मी विचारलं.

"कुणाबद्दल वाईट असलं तर नंतर."

"माझ्याबद्दल आहे."

"मग आत्ताच बोला," ती म्हणाली. कोळीही दोर गुंडाळायचा थांबला.

मी म्हणालो, "ताई, तुमची तक्रार पर्यटकाने केली नव्हती, मी केली होती. तुम्ही माझ्या जय भीमला उत्तर दिलं नाही म्हणून मी राग धरला आणि शेठना भलतंच कारण सांगितलं. गोदामात तुम्ही तो विषय काढलात तेव्हाही मी तोंड मिटून घेतलं. तुमची जागा माझ्यामुळे गेली. माझं चुकलं. मला माफ करा."